छत्र : पॉइंट्सच्या आधीचा मुक्काम

तंजावरहून तिरुवैयारुला जाणारा रस्ता जेमतेम १२-१३ किलोमीटरांचा, पण तेवढ्यात पाच नद्या ओलांडाव्या लागतात. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. गावाचं नावही पाण्यावरूनच पडलं आहे. ऐयारु म्हणजे पाच नद्या, आधीचं ‘तिरु’ आदराचं. संस्कृतात या गावाला पंचनद म्हणतात. इथे कावेरीच्या काठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक तिच्यासमोर मांडी घालून बसतात आणि त्यांच्या पाच रचना एका सुरात गातात.

त्या पंचमीसाठी आम्ही दोघं गेलो होतो, दोन रात्रींपुरते. कार्डावर साठलेल्या पॉइंट्समधून विमानाची तिकिटं निघाली, तंजावरची खोलीही निघाली. फुकट मुक्कामाचं एक वेगळंच सुख असतं. ते आम्ही मनापासून घेतलं. पण त्याच प्रवासात एक शब्द मागे लागला आणि अजून सुटलेला नाही. त्रिचीला रॉकफोर्टजवळ जे बसस्थानक आहे त्याचं नाव ‘चत्तिरम’. तंजावर जिल्ह्यात समुद्राकडे ‘सेतुभावाचत्तिरम’ नावाचं गाव आहे. नकाशावर बोट फिरवत गेलं की अशी नावं भेटत राहतात. तमिळमध्ये च आणि स यांना अक्षर एकच, म्हणून कुणी चत्तिरम म्हणतं, कुणी सत्तिरम. तंजावरच्या मराठीत त्याला छत्र म्हणतात.

या शब्दाचं कूळ यज्ञातलं आहे. सत्र म्हणजे अनेक दिवस चालणारा सोमयाग. बारा दिवस, कधी त्याहून कितीतरी जास्त. इतके दिवस यज्ञ चालायचा म्हणजे माणसं येणार, राहणार, जेवणार. पुढे यज्ञ मागे पडला आणि जेवण उरलं. रोज, खंड न पाडता, येईल त्याला अन्न घालणं यालाच सत्र म्हणू लागले. आजच्या मराठीत सत्र न्यायालय आहे, परीक्षेचं सत्र आहे. त्यांतला ‘ठरावीक काळ चालत राहणारं काम’ हा अर्थ त्या यज्ञातूनच आला. अन्नाच्या बाबतीत मात्र आपल्या जिभेने स चा छ केला. अन्नसत्र आणि अन्नछत्र अशी दोन्ही रूपं मराठीत नांदतात, आणि बोलताना दुसरंच ओठावर येतं. छत्र म्हणजे डोक्यावरची सावली, राजाच्या मस्तकावरचं चिन्ह, आणि पोरक्याच्या बाबतीत हरपलेला आईबापांचा आधार. अन्न देणारी जागा आणि सावली देणारी वस्तू यांचं नाव एक झालं, ही चूक असेल तर फार सुंदर चूक आहे.

या छत्रांना खरं रूप आलं ते तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात. शिवाजीमहाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे राज्य उभं केलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं. काशीहून रामेश्वराला जाणारी वाट याच मुलखातून जाते. उत्तरेतून, महाराष्ट्रातून, तेलंगणातून निघालेला यात्रेकरू महिनोन्‌महिने चालून तंजावरला पोचे, तेव्हा त्याच्याजवळचा शिधा संपलेला असे आणि समुद्र अजून लांब असे. राजांनी या शेवटच्या टप्प्यावर छत्रं बांधली. एका दिवसाच्या चालीनंतर मुक्कामाला जागा मिळावी, अशी ती मांडणी होती. प्रत्येक छत्राला गावं तोडून दिलेली असत. त्या गावांच्या उत्पन्नावर छत्राची चूल पेटती राहायची. राजाच्या मर्जीवर ती अवलंबून राहू नये, ही त्यातली दूरदृष्टी.

या छत्रांची नावं वाचत जावीत. नीडामंगलमचं यमुनांबा छत्र, मणमेल्कुडीचं द्रौपदांबा छत्र, ओरत्तनाडूचं मुक्तांबा छत्र. बरीचशी नावं बायकांची आहेत, राण्यांची आणि राजाच्या जिवलग स्त्रियांची. अंबा, अंबाळ हे तिकडचं ‘बाई’. पुरुषांनी विजयस्तंभ आपल्या नावाने उभारले आणि अनोळखी माणसाला जेवू घालणारी घरं सहचरींच्या नावाने, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

त्यात मुक्तांबेचं छत्र सर्वांत देखणं. मुक्तांबा ही तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांची प्रिय सहचरी. तिचं राणी म्हणून लग्न झालेलं नव्हतं. अखेरच्या आजारात तिने आपल्या नावाने एक छत्र बांधावं एवढंच मागितलं, अशी परंपरा सांगते. १८०२ मध्ये सरफोजींनी तंजावरच्या दक्षिणेला वीस-बावीस किलोमीटरांवर, रामेश्वराच्या वाटेवर ते बांधलं आणि त्या वस्तीला मुक्तांबाळपुरम असं नाव दिलं. बायकोसाठी, प्रेयसीसाठी कबर बांधणारे राजे आपल्याला ठाऊक आहेत. तिच्या आठवणीसाठी स्वयंपाकघर बांधणारा राजा ठाऊक असायला हवा होता.

या छत्रांत नेमकं काय मिळे? याचं उत्तर सरफोजींनीच दिलेलं आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि महसुलातला वाटा उरला. आता छत्रांची गावंही कंपनीच्या हिशेबात जाणार, अशी वेळ आली. तेव्हा १८०१ मध्ये सरफोजींनी ब्रिटिश रेसिडेंटला एक लांब पत्र पाठवलं. राज्य गेलेल्या माणसाचं ते पत्र आहे, आणि त्यात तो स्वतःसाठी काही मागत नाही, वाटसरूंसाठी मागतो. ब्राह्मणापासून सर्वांत खालची मानलेल्या जातीपर्यंत कुणीही येवो, जोगी, जंगम, अतीत, बैरागी, त्याला शिजवलेला भात मिळतो, असं तो सांगतो. दुसऱ्याच्या हातचं शिजवलेलं जे खात नाहीत त्यांना कोरडा तांदूळ आणि वर मसाला. म्हणजे जातीच्या रेषा होत्याच, छत्राने त्या पुसल्या नाहीत. पण त्या रेषांपायी कुणाला दारातून परत लावलं नाही.

‘अन्नछत्री जेवणे, वर मिरपूड मागणे’ ही आपली म्हण. तंजावरच्या छत्रात मसाला मागावा लागत नव्हता. तो नियमातच बसवलेला होता.

पत्र पुढे चालूच राहतं. आजारी पडलेल्या वाटसरूला बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचं अन्न मिळे. त्यासाठी वैद्य नेमलेले होते, साध्या रोगांचे, सुजेचे, सर्पदंशाचे. वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची काळजी घेतली जाई, लेकरांना दूध मिळे. पोरक्या मुलांना सांभाळून शिकवलं जाई. कुणी वाटेतच मेला तर त्याच्या रीतीप्रमाणे क्रिया होई. मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा ‘बाळंत होणाऱ्या बाईची’ इथे थांबलो. याचा अर्थ नवराबायको निघत होते. पोटुशी बाई सुद्धा निघत होती, कारण वाटेत कुणीतरी आहे याची खात्री होती. या पत्रानंतर छत्रांचा कारभार राजाकडे राहू देण्याचं कंपनीने मान्य केलं.

आज आपण जोडीने दोन दिवस फिरायला जातो, त्या सहलीचं मूळही या वाटेवरच आहे. काशी-रामेश्वराची यात्रा जोडीने करायची असते. गंगेचं पाणी रामेश्वराला वाहायचं, सेतूची वाळू गंगेला न्यायची, आणि स्नान दोघांनी गाठ बांधून करायचं. प्रयागला संगमावर नवरा बायकोची वेणी घालतो आणि तिचं टोक कापून नदीत सोडतो. त्याला वेणीदान म्हणतात. आयुष्यभर एका घरात राहून ज्याने बायकोच्या केसाला चारचौघांत हात लावला नाही, तो घाटावर, अनोळखी लोकांच्या गर्दीत, तिची वेणी घालतो. घरकाम, मुलं, सासर सगळं मागे टाकून दोघांनी एकमेकांकडे पाहावं, यासाठी आपल्या लोकांना एवढी एकच परवानगी होती, आणि ती त्यांनी धर्माकडून काढून घेतली. सरफोजी स्वतःही १८२० मध्ये कुटुंबासह काशीला निघाले. बरोबर सुमारे तीन हजार माणसं. त्या प्रवासावर मराठीत ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ रचल्या गेल्या. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने त्या छापल्या आहेत.

छत्राच्या कुळकथेपुढे पॉइंट्सची कुळकथा अगदी छोटी आहे. १८९६ मध्ये अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने हिरवी तिकिटं काढली. दुकानात खरेदी केली की ती मिळायची, वहीत चिकटवायची, वही भरली की वस्तू घ्यायची. १९७८ मध्ये तिथल्या विमानसेवेवरचं सरकारी नियंत्रण उठलं, कंपन्यांमध्ये गिऱ्हाइकांसाठी चढाओढ लागली आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने मैल मोजून बक्षीस देणारी योजना आणली. पहिले सभासद शोधले ते आरक्षणाच्या संगणकातून. जे फोन नंबर पुनःपुन्हा येत होते ती माणसं पक्की गिऱ्हाइकं धरली. युनायटेड काही दिवसांतच मागोमाग आली. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी तेच हॉटेलांत आणलं. आपल्या कार्डावरचा पॉइंट या वंशातला.

दोन्हींत वाटसरूला मुक्काम फुकट पडतो. पॉइंट मात्र विचारतो, तू आजवर किती खर्च केलास. छत्र विचारत होतं, तू किती लांबून आलास. पॉइंटमध्ये आपलेच पैसे आपल्याला वळसा घेऊन परत येतात. त्यात वाईट काही नाही, आम्हीही ते घेतले. पण त्याला बक्षीस किंवा आदरातिथ्य म्हणू नये. आदरातिथ्य हा शब्द मुक्तांबेच्या चुलीसाठी राखून ठेवावा.

१८५५ मध्ये तंजावरचे दुसरे शिवाजीराजे पुरुष वारस न ठेवता गेले आणि राज्य खालसा झालं. छत्रांचा कारभार सरकारकडे गेला. रेल्वे आल्यावर पायवाटेवरची गर्दीही ओसरली. पण गावांचं उत्पन्न उरलं होतं, आणि ते शिक्षणाकडे वळलं. तिरुवैयारुत कावेरीकाठी मराठा राजांच्या इमारतीत १८८१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे तिथे तमिळही शिकवू लागले. आज ती ‘अरसर कल्लूरी’ म्हणजे राजांचं महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. ओरत्तनाडूच्या छत्रातही शाळेची मुलं राहिली. वाटसरूच्या भाताचे पैसे विद्यार्थ्याच्या पुस्तकाला लागले. छत्राचं याहून चांगलं उत्तरायुष्य मला सुचत नाही.

आणि या वाटेने माणसांबरोबर सूरही आले. १८६० च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर हे मराठी कीर्तनकार तंजावरला आले. त्यांच्या कीर्तनातल्या साक्या, दिंड्या, ओव्या, अभंग तिकडच्या भागवतरांनी, म्हणजे कथेकऱ्यांनी, उचलले. तंजावर कृष्ण भागवतरांनी घडवलेल्या हरिकथेत ती वृत्तं कायमची बसली. आजही तमिळ हरिकथेत ‘साकी’ आणि ‘दिंडी’ हे शब्द ऐकू येतात. त्यागराज स्वतः मात्र उंछवृत्तीवर, म्हणजे गावात नामस्मरण करत फिरून मिळेल त्या धान्यावर राहिले आणि ६ जानेवारी १८४७ रोजी तिरुवैयारुतच गेले. त्यांची पडीक समाधी विसाव्या शतकात बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने स्वतःच्या कमाईतून बांधून काढली. तीही इथे परगावाहून आलेलीच.

तुम्ही दोघं जाणार असाल तर चार गोष्टी. पंचमीचा तो सोहळा, त्यागराज आराधना, बहुधा जानेवारीत येतो. पंचमीची तारीख पंचांगात पाहून काही महिने आधीच पॉइंट्सची तिकिटं पाहा, कारण पॉइंट्सवरच्या जागा मोजक्या असतात. पॉइंट्स वापरले तरी कर आणि शुल्क बहुधा रोखच भरावं लागतं, ते धरून चला. विमान त्रिचीपर्यंत, तिथून तंजावर साठेक किलोमीटर. पहिली सकाळ तिरुवैयारुला कावेरीकाठी, दुपारी तिथला अशोक हलवा, मुगाच्या डाळीचा, केळीच्या पानावर. बृहदीश्वराच्या मंदिरात भिंतीवर कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आहे, १८०३ मधला, तो बघा. दुसरा अर्धा दिवस मात्र ओरत्तनाडूला द्या. मुक्तांबेच्या इमारतीसमोर दोघं उभे राहा.

आणि घरी परतलात की दोनचार माणसांना जेवायला बोलवा, त्यांतला एक तरी फारसा ओळखीचा नसावा. काशी-रामेश्वर करून आलेले आपले आजी-आजोबा हेच करत. त्याला मावंदं म्हणतात. तिकीट पॉइंट्सचं होतं म्हणून ते चुकवू नका.