जुना काळा लॅपटॉप नेमका कोणासाठी बनला होता?

आजचा भाग जरा उलटा आहे. एरवी आपण इतिहास सांगतो आणि शेवटी कोणीतरी विचारतं, "बरं, पण याचा आज उपयोग काय?" यावेळी प्रश्न आधी आलाय. गेल्या काही आठवड्यांत तीन-चार जणांनी जवळपास एकच गोष्ट विचारली. घरातल्या मुलाला किंवा मुलीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालीये, हातात वीस हजारांच्या आसपास आहेत, एकदाच खर्च करता येणार आहे. तर दुकानातला नवाकोरा स्वस्त लॅपटॉप घ्यावा, की कुठल्यातरी कंपनीने वापरून काढून टाकलेला जुना?

माझं उत्तर एका शब्दात: जुना. पण कुठलाही जुना नाही. आणि कुठला, हे कळायला प्रोसेसरचा आकडा पुरत नाही. ते यंत्र बनवताना ते दुरुस्त कोण करणार असं गृहीत धरलं होतं, ते बघावं लागतं. त्यासाठी थोडं मागे जाऊया. बरंच मागे, थेट आयबीएम १४०१ पर्यंत.

१४०१ हा आयबीएमने १९५९ मध्ये जाहीर केलेला, कपाटाएवढा कॉम्प्युटर. त्या काळात आयबीएमची बहुतेक यंत्रं विकत नाही, भाड्याने दिली जायची. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे बरं का. यंत्र भाड्याने दिलं की ते बंद पडणं हा गिऱ्हाइकाचा प्रश्न राहत नाही, तो तुमचा होतो. म्हणून ते लवकर उघडता आलं पाहिजे, खराब भाग काढून नवा बसवता आला पाहिजे, आणि तीन वर्षांनी परत आलं की पुसून-पासून दुसऱ्याला देता आलं पाहिजे. १४०१ च्या आत हजारो छोटी छोटी कार्डं होती, सॉकेटमध्ये खोचलेली. इंजिनिअर यायचा, बिघडलेलं कार्ड शोधायचा, उपटून दुसरं लावायचा. घरमालक भाडेकरू बदलताना नळ-बिजागऱ्या बघून घेतो ना, तसाच हिशोब. यात परोपकार काही नाही.

याच १४०१ चा भारताशी संबंध आहे, आणि तो फारसा गोड नाही. इकडे आलेल्या १४०१ पैकी बऱ्याच बाहेर वापरून झालेल्या होत्या. त्या आणायच्या, इथे दुरुस्त करायच्या आणि भारतातल्या संस्थांना भाड्याने द्यायच्या, असा तो धंदा होता. बाहेर नवीन पिढीची यंत्रं आली होती आणि आपण मात्र जुन्यासाठी भाडं मोजत होतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यात संसदेच्या लोकलेखा समितीने यावर चांगलेच ताशेरे ओढले. पुढे फेरा कायद्याप्रमाणे परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत कमी करायला सांगितलं गेलं, आयबीएम त्याला तयार होईना, आणि जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला.

आता खरी गंमत पुढे आहे. कंपनी गेली, पण यंत्रं तर इथेच होती. पगाराची बिलं, विम्याचे हिशोब त्यांच्यावरच चालायचे. ती सांभाळायची कोणी? सरकारने आधीच एक कंपनी काढून ठेवली होती: कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी. आयबीएमच्या यंत्रांची देखभाल त्यांनी अंगावर घेतली आणि ती चालवून दाखवली. मला वाटतं, आपल्या कॉम्प्युटरच्या इतिहासात या लोकांना मिळायला हवं तेवढं श्रेय मिळालं नाही. मूळ बनवणारा निघून गेल्यावरही यंत्र चालू राहू शकतं, हे त्यांच्या कामातून दिसलं. आणि ते शक्य झालं, कारण यंत्र उघडता यावं म्हणूनच बनवलेलं होतं.

हे डोक्यात ठेवा आणि आता १९९२ ला या.

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. आयबीएम टाटांबरोबर भागीदारी करून भारतात परत आली. आणि ऑक्टोबरमध्ये तिकडे थिंकपॅड ७००सी बाजारात आला. ४,३५० डॉलर किंमत. २५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ४ एमबी रॅम, १२० एमबीची हार्ड डिस्क आणि १०.४ इंचांचा रंगीत पडदा, जो त्या काळी डोळे दिपवणारा होता. 'थिंक' हे आयबीएमचं थॉमस वॉटसन यांच्यापासूनचं ब्रीद. कंपनीच्या माणसांच्या खिशात चामड्याच्या वेष्टणातली छोटी वही असायची, तिच्यावर हाच शब्द छापलेला. तिथून नाव आलं.

बाह्यरूप रिचर्ड सॅपर यांचं. जर्मन माणूस, काम मिलानमध्ये. जपानी बेंतो डब्यासारखी साधी काळी पेटी, उघडली की आत मधोमध एक लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे ट्रॅकपॉइंट, टेड सेल्कर यांच्या संशोधनातून आलेला: कीबोर्डवरून हात उचलून माउसपर्यंत नेण्यात आणि परत आणण्यात वेळ जातो, तो वाचवायचा. लाल रंगाची एक कथा आहे. आयबीएममध्ये लाल हा आणीबाणीच्या बटणांसाठी राखीव होता, म्हणून डिझाइनवाल्यांनी कागदोपत्री त्याला 'मॅजेंटा' म्हटलं. सरकारी ऑफिसात काम केलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

पण माझ्या मते खरा नायक जपानमधली यामातो प्रयोगशाळा आणि तिथले अरिमासा नाइतो, ज्यांना थिंकपॅडचे जनक म्हणतात. या चमूने प्रवासात, विमानात, हातातून पडून टिकेल असा लॅपटॉप बनवायचा चंगच बांधला. १९९३ च्या डिसेंबरात हबल दुर्बिणीची दुरुस्ती करायला गेलेल्या अंतराळयानात थिंकपॅड ७५० होता. लोक ही गोष्ट फार रंगवून सांगतात. तुमच्या-माझ्यासाठी त्याहून कामाची गोष्ट दुसरीच आहे, आणि ती आहे एक पुस्तिका.

हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल. प्रत्येक मॉडेलची वेगळी. कुठला स्क्रू कुठे, त्याची लांबी किती, कुठला भाग आधी काढायचा, आणि प्रत्येक सुट्या भागाचा क्रमांक. या सुट्या भागांना आयबीएमच्या भाषेत एफआरयू म्हणतात, म्हणजे जागेवर जाऊन बदलता येणारा भाग. आलं का लक्षात? भाग जागेवर बदलण्याची १४०१ च्या वेळची तीच सवय, आता लॅपटॉपमध्ये. ही पुस्तिका तुमच्यासाठी लिहिलेलीच नव्हती. एखाद्या बँकेत पाच हजार लॅपटॉप आहेत, वार्षिक देखभालीचा करार आहे, तिथल्या सर्व्हिस इंजिनिअरने वीस मिनिटांत कीबोर्ड बदलून पुढच्या टेबलावर जावं, यासाठी ती होती. डेलच्या लॅटिट्यूडच्या आणि एचपीच्या एलिटबुकच्याही अशाच पुस्तिका मिळतात, त्यामुळे हा सगळा हिशोब त्यांनाही लागू. मी थिंकपॅडवर बोलतोय कारण त्याची वंशावळ सरळ दिसते.

कंपन्या हे लॅपटॉप साधारण तीन-चार वर्षं वापरतात. लीज संपतं, वॉरंटी संपते, लॉट निघतो. यंत्राचं आयुष्य संपलेलं नसतं, हिशोबाच्या वहीतलं संपलेलं असतं. लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला जो माल दिसतो, त्यातला बराचसा असाच. बँकेच्या त्या करारासाठी केलेल्या बांधणीचे पैसे पहिल्या मालकाने भरले, आणि दुसऱ्या मालकाला ती जवळपास फुकटात मिळते. नवीन स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि बिजागरी प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसवलेली असते. तो दुरुस्त करणारा माणूस कोणी कल्पिलेलाच नसतो.

पण थांबा, म्हणून कुठलाही जुना काळा डबा उचलू नका. कारण २००५ नंतर गोष्ट हळूहळू बदलत गेली.

डिसेंबर २००४ मध्ये आयबीएमने आपला पीसीचा धंदा चीनच्या लेनोवोला विकायचं जाहीर केलं, मे २००५ मध्ये व्यवहार पुरा झाला. तेव्हा सगळ्यांना वाटलं की थिंकपॅड संपला. तसं झालं नाही. यामातोची माणसं, नाइतोंसकट, नव्या मालकाकडे गेली आणि पुढची काही वर्षं यंत्रं तशीच येत राहिली. २०११ चे टी४२० आणि एक्स२२० हे जुन्या सात ओळींच्या कीबोर्डचे शेवटचे नेहमीचे वारस. २०१२ ला टी४३० आला आणि कीबोर्ड सहा ओळींचा, सपाट बटणांचा झाला. २०१३ च्या टी४४० मध्ये तर ट्रॅकपॉइंटची वेगळी बटणंच काढून टाकली. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की २०१५ च्या टी४५० मध्ये ती परत आणावी लागली. चीनमधल्या काही हौशी मंडळींनी तर एक्स६१ आणि एक्स२०१ सारख्या जुन्या पेट्यांत बसतील असे नवीन मदरबोर्डच बनवून घेतले. वेडेपणा आहे, पण माझ्या आवडीचा.

कीबोर्डवरून भांडणं झाली, पण खरा बदल आत चालला होता. लॅपटॉप पातळ हवा, आणि पातळ करायचा म्हटलं की सॉकेट जातं, भाग बोर्डाला चिकटतो. आधी टी४४० मध्ये प्रोसेसर सोल्डर झाला. मग २०१९ च्या टी४९० मध्ये अर्धी रॅम बोर्डावर गेली, एकच स्लॉट उरला आणि बाहेरून काढता येणारी बॅटरीही गेली. त्याच्या आदल्या वर्षीचा, २०१८ चा टी४८० मात्र अजून जुन्या घराण्यातला: रॅमचे दोन स्लॉट, आत एक छोटी बॅटरी आणि मागे दुसरी. मागची बॅटरी लॅपटॉप चालू असतानाही बदलता येते.

आणि योगायोग बघा. टी४८० मध्ये इंटेलची आठवी पिढी आहे, चार कोअरची. २०१७ चा टी४७० बाहेरून जवळजवळ तसाच, पण सातव्या पिढीचा, दोन कोअरचा. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जाहीर केलं तेव्हा रेषा ओढली ती जवळजवळ याच ठिकाणी: आठवी पिढी आत, सातवी बाहेर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. सातव्या पिढीची यंत्रं काही त्या रात्री मंदावली नाहीत. स्क्रू तेच, मॅन्युअल तेच. पण अशा यंत्रांच्या लॉटची किंमत पडते, आणि ती विकत घेणाऱ्याला बरेचदा कोणी कारण सांगत नाही. लिनक्स चालवणार असाल तर तुमच्यासाठी ही उलट चांगली बातमी आहे. कॉलेजचं एखादं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणार असेल, तर टी४७० स्वस्त दिसला तरी टी४८० कडेच बघा. ज्याच्याकडे खर्चाची एकच संधी आहे त्याने तरी.

बरं, २०१८ नंतर सगळा अंधार, असंही नाही. २०२४ च्या टी१४ च्या पाचव्या आवृत्तीत रॅमचे दोन्ही स्लॉट परत आले, आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी आयफिक्सिटने तिला १० पैकी ९ गुण दिले. युरोपात दुरुस्तीच्या हक्काचे कायदे येतायत, त्याचा दबाव असावा असं मला वाटतं. ती यंत्रं लीजवरून सुटून आपल्या गल्लीत यायला मात्र अजून दोन-तीन वर्षं आहेत.

आता दुकानात गेल्यावर. कंपनीसाठी बनवलेल्या यंत्रात कंपनीची कुलुपंही असतात, आणि बहुतेकांची फसगत तिथे होते. दुकानदारासमोर लॅपटॉप सुरू करून एफ१ दाबा, बायोसमध्ये जा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या. आतली छोटी बॅटरी काढून तो पासवर्ड जात नाही. अधिकृत उपाय एकच, मदरबोर्ड बदलणे. दुसरं, विंडोज नव्याने टाकल्यावर ते कुठल्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागतंय का बघा. मागत असेल तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नावावर नोंदलेलं आहे. टी४८० घेत असाल तर सी-टाइप पोर्टने चार्ज होतोय ना, हे पाचएक मिनिटं लावून बघा. त्या काळच्या मॉडेलांत थंडरबोल्टच्या फर्मवेअरचा घोळ होता, लेनोवोने त्यासाठी अपडेट काढलं होतं, पण लॉटमधली बरीच यंत्रं ते न घेताच फिरत असतात. पडदा १३६६ बाय ७६८ चा आहे की फुल एचडी, तेही विचारा, कारण एकाच नावाखाली दोन्ही विकले गेले. टी४२०-टी४३० च्या काळातला घेतलात तर वायफाय कार्ड मनाला येईल ते चालत नाही, बायोसमध्ये मान्य कार्डांची यादीच असते.

रॅम कमी असली तर घासाघीस करा, पण तेवढ्यासाठी चांगला नग सोडू नका. ती नंतर घरी टाकता येते, पुस्तिकेत चित्रासकट दिलंय.

सीएमसीबद्दल आज ओझरतंच बोललो. पुढच्या भागात तोच विषय घेऊ. तुमच्या घरात त्या काळी तिथे काम केलेलं कोणी असेल, तर त्यांना विचारून नक्की कळवा. भेटू.