निनांवी निंदा आणि व्यापारनीति

भाईंदर एके काळीं मिठागरांसाठीं ओळखलें जाई. पुढें तेथें पोलादी भांड्यांचे कारखानेही उभे राहिले. मीठ काय किंवा भांडें काय, गिऱ्हाईक तें हातांत घेऊन पाही, आणि शेजारच्या मालाची निंदा करावयाची तर दुकानदारास ती आपल्याच गादीवर बसून, स्वतःच्या तोंडानें करावी लागे. ऐकणाराही तिची किंमत ओळखून असे. आज मीरा रोडला नवें बिऱ्हाड करणारें कुटुंब गाद्या, भांडीं, खानावळ, फार काय दवाखानाही, मोबाइलवरील अनोळखी माणसांचे अभिप्राय वाचून निवडतें. त्यांतला एखादा अभिप्राय समोरच्या दुकानदारानेंच खोट्या नांवानें लिहिला असला, तर तें कळण्याची सोय त्या कुटुंबास नाहीं. अशा निंदेंत अपराध नेमका कोणता, हें ठरविण्यास मागील इतिहास उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

नांव लपविणें हेंच पाप, असें पुष्कळांचें मत आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रांत जीं शतपत्रें प्रसिद्ध झालीं, तीं ‘लोकहितवादी’ या टोपणनांवानें. लेखक गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरींत होते. पण त्यांनीं कोरडे ओढले ते कोणावर? स्वतः ब्राह्मण असून त्यांचे अत्यंत कठोर शब्द ब्राह्मणांवरच खर्ची पडले. त्या लेखनानें त्यांच्या पदरांत दमडीही पडावयाची नव्हती. स्वजनांचा रोष मात्र वांट्यास येण्याजोगा होता. शिवाय टोपणनांवाच्या मागें संपादक उघड उभा होता. पुढें १८६७ च्या कायद्यानें छापील कागदावर मुद्रकाचें नांव व मुद्रणस्थळ घालणें सक्तीचें केलें. लेखक गुप्त राहिला तरी जाब विचारण्यास कोणी तरी सांपडेच.

आतां अमेरिकेंतील एक उदाहरण पाहूं. होल फूड्स या किराणा-दुकानांच्या मोठ्या कंपनीचे प्रमुख जॉन मॅकी हे १९९९ ते २००६ या काळांत याहूच्या रोखेविषयक चर्चापटावर ‘राहोडेब’ या नांवानें लिहीत होते. पत्नीच्या डेबोरा या नांवाचीं अक्षरें उलटसुलट करून हें नांव जुळविलेलें. स्वतःच्या कंपनीची स्तुति तर ते करीतच, पण वाइल्ड ओट्स या प्रतिस्पर्धी कंपनीचें भवितव्य काळेंकुट्ट रंगवीत. (आपल्या केशरचनेचीही तारीफ त्यांनीं करून घेतली होती, मोह माणसास कोठवर नेतो पाहा!) २००७ सालीं तीच कंपनी विकत घेण्याचा घाट त्यांनीं घातला, सरकारी व्यापार-आयोगानें हरकत घेतली, आणि त्या खटल्याच्या कागदपत्रांतून राहोडेब कोण तें बाहेर पडलें. रोखेबाजाराच्या नियंत्रकांनीं चौकशी केली, पण कारवाई केली नाहीं. कायद्यानें ते सुटले. परंतु सात-आठ वर्षें वाचणाऱ्यांची समजूत अशी कीं, कोणी सामान्य गुंतवणूकदार आपलें प्रामाणिक मत सांगत आहे. लोकहितवादींनीं स्वतःचें नांव झांकलें होतें. मॅकींनीं गिऱ्हाइकाच्या रांगेंत शिरून त्याची जागा घेतली, आणि आमच्या मतें दोष आहे तो येथेंच.

आमच्याकडे कायदा या बाबतींत मुका नाहीं. उजाला आणि रॉबिन नीळ यांचा जाहिरातीवरून जो तंटा कलकत्ता उच्च न्यायालयांत गेला, त्यांत असें तत्त्व सांगितलें गेलें कीं, आपला माल जगांत सर्वोत्तम आहे असें व्यापाऱ्यानें खुशाल म्हणावें, तें खरें नसलें तरी. प्रतिस्पर्ध्याचा माल वाईट असें मात्र म्हणूं नये. हें आम्हांस थोडें विचित्रच वाटतें. तुपांत भेसळ असेल तर ती प्रथम कळणार शेजारच्या तूपवाल्यासच. त्यानें ती जरूर सांगावी, पण स्वतःच्या पाटीखालीं उभें राहून, पुराव्यानिशीं. खोटी किंवा दिशाभूल करणारी नालस्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें अनुचित व्यापारप्रथेंत धरली आहे. २०२२ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें अशा अभिप्रायांसाठीं आयएस १९००० हें मानकही काढलें. काढलें तेव्हां तें ऐच्छिक होतें.

परंतु कायदा चालवावयाचा तर आरोपी ठाऊक पाहिजे. दिवाळीच्या तोंडावर आलेला खोटा ठपका पुसण्यासाठीं भाईंदरच्या लहानशा भांडेवाल्यानें आधीं तो लिहिणारा शोधावा, मग वकील गांठावा, मग तारखा मोजाव्या. तोंवर दिवाळी होऊन गेलेली असते.