काटा वर, हीटर गार!

आजची गोष्ट सुरू होते पसरणी घाटात. जानेवारीतली पहाट, मी आणि बाबा वाईहून पाचगणीला निघालेलो. दोनच दिवसांपूर्वी गाडीचा रेडिएटर होज बदलून घेतला होता. थंडी वाजतेय म्हणून हीटर लावला, तर गार वारा! मी म्हटलं, हीटर गेला. बाबा म्हणाले, "अरे, हीटर सोड, आधी काटा बघ." टेम्परेचरचा काटा लाल रेषेला टेकलेला. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं.

इंजिन तापलंय आणि हीटर गार? हे कोडं सोडवायला जरा मागे जाऊ.

१८८८ साली बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गाडीने निघाली. अंतर साधारण १०० किलोमीटर. पाण्याची वाफ व्हायची, त्यातून इंजिन थंड राहायचं. म्हणून वाटेत सारखं पाणी भरावं लागलं. मग १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, तब्बल ८,०७० बारीक नळ्यांचा! नळ्यांतून वारा, भोवतीने पाणी. तेच पाणी गार होऊन परत इंजिनात. फोर्डच्या बहुतेक मॉडेल टी गाड्यांना तर पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी वर, गार खाली, एवढ्यावर भागायचं. पण पाण्याची पातळी उतरली की फिरणंच बंद.

आपल्या गाडीचा हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं. म्हणजे काटा वर आणि हीटर गार, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: पाणी कमी आहे, नाहीतर मध्ये हवा अडकलीय. मेकॅनिकला फोन केला तर तो हेच म्हणाला, "दादा, एअर धरलीय." होज बदलताना शिरलेली हवा काढायचीच राहिली होती.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडलं, कारण तापलेलं असताना उघडलं तर उकळतं पाणी थेट अंगावर येतं. मग कूलंट भरलं, हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुडे येत गेले, पातळी उतरत गेली, आम्ही भरत गेलो. थोड्या वेळाने हीटरमधून ऊब आली आणि काटा मध्यावर थांबला. बुडबुडे थांबलेच नसते, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी लागली असती.

तसाच घाट चढलो असतो तर इंजिनच गेलं असतं. तेव्हा दुरुस्तीनंतर हीटर एकदा लावून बघाच, भर मे महिन्यातसुद्धा! भेटू पुढच्या भागात.