फाळक्याची कैफियत

मालवाहू मोटारीच्या हौद्याची मागील बाजू बंद करणारी ती लोखंडी फळी, जिला आपल्याकडील टेम्पोवाले आणि हमाल फाळका म्हणतात, तिच्या नावावर कोणी इतिहास लिहावा इतके तिचे कर्तृत्व मोठे आहे असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. परंतु अमेरिकेत, जेथे पिकअप नावाची उघड्या हौद्याची गाडी शेतकऱ्याच्या उपयोगातून निघून मध्यमवर्गाच्या अंगणात येऊन उभी राहिली, तेथे या फळीवर इंधनाच्या अपहाराचा आरोप ठेवण्यात आला, साक्षीपुराव्याची वाट न पाहता तो सिद्धही मानण्यात आला, आणि निकाल फिरण्यास तीसएक वर्षे लागली.

मूळची ही फळी बैलाघोड्यांच्या गाड्यांची. 1866 साली चार्ल्स गुडनाइट या टेक्ससच्या पशुपालकाने गुरांच्या लांबलचक कूचांसाठी लष्करी बनावटीच्या एका जुन्या गाडीच्या पाठीशी शिध्याची पेटी बसविली. तिचे बिजागरीचे झाकण खाली पाडले की त्याचेच स्वयंपाक्याचे मेज होई, आणि दिवसभराच्या धुळीने माखलेले गुराखी त्या मेजाभोवती जमत. मागची बाजू उघडावी, सामान काढावे, पुन्हा बंद करावी, एवढाच त्या व्यवस्थेचा शिरस्ता. वाऱ्याशी तिचा काही संबंध असावा हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. 1925 च्या एप्रिलमध्ये फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातच पोलादी हौदा जोडून ती 281 डॉलरांना विकावयास काढली, तेव्हाही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. वीस अश्वशक्तीचे ते इंजिन सपाट रस्त्यावर ताशी चाळीस-पंचेचाळीस मैलांच्या पलीकडे जात नसे, रस्ते बहुतांशी मातीचे, आणि हौद्यात दुधाची भांडी किंवा वैरण. फाळक्याने माल सांडू देऊ नये एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती, आणि ती तो इमानाने पुरवीत होता.

वाऱ्याचा अंमल वेगाबरोबर वाढतो, आणि तोही सरळ हिशेबाने नव्हे. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि त्या रोधाशी झुंजण्यास लागणारी शक्ती आठपट. म्हणून गावच्या रस्त्यावर नगण्य वाटणारी वाऱ्याची बाब लांब पल्ल्याच्या हमरस्त्यावर पेट्रोलच्या खर्चातील ठळक रक्कम होऊन बसते. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची निर्यात रोखली, पेट्रोलपंपांपुढे मोटारींच्या रांगा लागल्या, आणि 2 जानेवारी 1974 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी ताशी 55 मैलांची मर्यादा देशभर लागू करणाऱ्या कायद्यावर सही केली. सरकारने वेगाला वेसण घातली तेव्हा पिकअपवाल्याने आपल्या पाठीमागे वळून पाहिले, तो तेथे वाऱ्यापुढे छाती काढून उभा असलेला फाळका त्याच्या दृष्टीस पडला. झाले! टपावरून येणारा वारा हौद्यात उतरतो, फाळक्यावर आदळतो, आणि गाडीला शिडासारखा मागे खेचतो, ही उपपत्ती इतकी सुबोध होती की ती तपासून पाहण्याची आवश्यकताच कोणास भासली नाही. कोणी फाळका पाडून गाडी हाकू लागले, कोणी तो काढून गोदामात ठेवला, आणि धूर्त व्यापाऱ्यांनी त्याच्या जागी ताणून बसविण्याच्या जाळ्या बाजारात आणल्या. माझ्या मते या सर्व प्रकरणात केवळ भाबडेपणा नव्हता. वारा डोळ्यांना दिसत नाही, फळी दिसते, आणि आरोपी म्हणून दिसणारी वस्तूच पकडणे मनुष्याला नेहमी सोयीचे पडते.

वस्तुतः या खटल्यातील महत्त्वाचा दाखला 1904 पासून दप्तरी पडून होता. त्या साली हायडेलबर्ग येथे भरलेल्या गणितज्ञांच्या परिषदेत लुडविग प्रांट्ल याने पदार्थाच्या पृष्ठभागास चिकटून वाहणारा हवेचा किंवा पाण्याचा पातळ थर कोठे आणि का सुटतो याचे विवेचन केले होते. आणि पिकअपच्या टपाची मागील कड म्हणजे अशा सुटण्याची जणू राखीव जागाच. तेथे गाडीची साथ सोडलेला प्रवाह दगडासारखा खाली कोसळत नाही. फाळका उभा असता हौद्यातील हवा एका सावकाश फिरणाऱ्या भोवऱ्याच्या रूपाने आतच कोंडून राहते, आणि वरचा वेगवान प्रवाह त्या कोंडलेल्या हवेवरून, जणू एखाद्या अदृश्य झाकणावरून, सरकत पुढे जाऊन फाळक्याच्या कडेपलीकडे उतरतो. फाळका पाडला की या भोवऱ्याचा आधार जातो. फळीवरचा रोध नाहीसा होतो हे खरे, पण तितक्यात केबिनच्या पाठीशी हवेचा दाब घटतो आणि ती पोकळी गाडीला अधिक जोराने मागे ओढू लागते. एका हाताने वाचविलेले दुसऱ्या हाताने, व्याजासकट, परत द्यावे तसा हा व्यवहार आहे.

हे मोजण्याची साधने हळूहळू आली. 1980 मध्ये जनरल मोटर्सने मिशिगनमधील वॉरेन येथे मोटारींकरिता प्रचंड वातबोगदा उभारला. त्याच्या पंख्याचा व्यास 43 फूट, आणि पाती लाकडाची! विसाव्या शतकाच्या अखेरीस पोलाद आणि विद्युत् यांच्या त्या मंदिरात सुताराची कारागिरी अशी विराजमान झालेली पाहून कोणाही रसिकास मौज वाटावी. पुढे 2003 मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि जनरल मोटर्स येथील संशोधकांनी पिकअपच्या मागे हवा नेमकी कशी वाहते याचे मोजमाप प्रसिद्ध केले, आणि 2004 मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील केविन कूपर यांनी जो प्रबंध सादर केला त्याच्या शीर्षकातच, शास्त्रीय लेखनाला न शोभणाऱ्या आज्ञार्थी थाटात, फाळका वर ठेवण्याचा सल्ला होता. फाळका पाडला वा काढला तर रोध वाढतो, आणि हौदा झाकणाने आच्छादला तर तो घटतो, असा त्यांचा निष्कर्ष. सामान्य जनांच्या पदरी मात्र हे ज्ञान दूरचित्रवाणीने घातले. 2005 मध्ये 'मिथबस्टर्स' या कार्यक्रमाने दोन सारख्या पिकअप रस्त्यावर उतरवून, एकीचा फाळका वर आणि दुसरीचा खाली ठेवून, त्या इंधन संपेपर्यंत पळविल्या. फाळका वर असलेली गाडी सुमारे तीस मैल अधिक गेली. प्रयोगशाळेच्या कसोटीला ही पद्धत ढोबळ म्हणावी लागेल, पण लोकांची समजूत बदलण्याच्या कामी तिचे वजन प्रबंधाहून अधिक पडले.

त्यानंतर फाळक्याला केवळ निर्दोष सोडण्यात आले असे नाही, तर त्याची चाकरीत बढतीही झाली. 2015 च्या फोर्ड एफ-150 गाडीत त्याच्या वरच्या कडेलाच प्रवाह सुरळीत सोडणारी पट्टी घडविण्यात आली. 2019 च्या रॅम गाडीत हौद्याच्या भिंतीच दीड इंच उंच करण्यात आल्या, ते वाऱ्याच्या सोयीसाठी. ज्या फळीला वाऱ्याचा शत्रू म्हणून खाली पाडीत, तिच्याकडेच वाऱ्याचा बंदोबस्त सोपविण्यात आला.

आता अमेरिकेत फाळका मानाने खाली येतो तो गाडी उभी असताना. फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशी क्रीडागाराबाहेरील मैदानात पिकअपच्या रांगा लागतात, फाळके पाडले जातात, त्यांवर पावाच्या चवडी आणि भाजलेल्या मांसाची ताटे मांडली जातात, कोणी पाय लोंबकळत सोडून त्यांवरच बसते, आणि या मेळाव्याला फाळक्याच्याच इंग्रजी नावावरून टेलगेटिंग म्हणतात. गुडनाइटचा स्वयंपाक्या तेथे अवतरला असता, तर आपल्या पेटीचे झाकण ओळखण्यास त्याला क्षणाचाही विलंब लागला नसता.