झाडपाल्याचं पेट्रोल आणि तराजू

आज चेन्नईची गोष्ट. १९९६ साली तामिळनाडूतल्या राजपाळयम भागातल्या रामर पिल्लै यांनी दावा केला, की झाडपाल्यापासून पेट्रोल बनतं. पाण्यात पाला टाका, मीठ आणि लिंबाचा रस घाला, उकळा, ढवळा, इंधन तयार. देशभर खळबळ उडाली. शास्त्रज्ञांसमोर प्रात्यक्षिकं झाली. मद्रास आयआयटीच्या चाचणीत दावा टिकला नाही, तरी हे 'हर्बल पेट्रोल' पुढे विकलं गेलं. २००० मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. ते टोल्युइन, नॅफ्था अशा पेट्रोलियम द्रावकांचं मिश्रण असल्याचं तपासात आढळलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली.

हा निकाल यायला वीस वर्षं गेली. स्वयंपाकघरातल्या तराजूवर तो दहा मिनिटांत लागला असता. पाण्यात कार्बन नसतो. पेट्रोलच्या वजनात सुमारे ८५ टक्के कार्बन असतो, वाळलेल्या पाल्यात सुमारे ४५. म्हणजे पाल्यातला सगळा कार्बन कामी आला, तरी किलोभर पेट्रोलला जवळपास दोन किलो वाळका पाला हवाच. मूठभर पाल्यातून ते येणार कुठून?

आता हाच तराजू पुण्याला लावू. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने घरगुती बायोगॅस संयंत्र तयार केलं. त्याला २००६ चा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. दावा असा: दोन किलो पिष्टमय खाद्यातून सुमारे अर्धा किलो मिथेन. रसायनशास्त्राच्या हिशेबाने दोन किलो शुद्ध पिठूळ पदार्थातून जास्तीत जास्त सहाशे ग्रॅमच्या आसपास मिथेन निघू शकतो. दावा मर्यादेत बसतो. फक्त लक्षात ठेवा, शिळ्या भातात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. गॅस त्या मानाने कमी मिळणार.

हिशेब जुळला, तरी सुरक्षितता वेगळी तपासावी लागते. घरी बायोडिझेल करायला मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा लागतो. मिथेनॉल विषारी आणि पटकन पेट घेणारं. ते घरात नकोच. बायोगॅसची टाकी उघड्यावर ठेवा, गळती साबणाच्या पाण्याने शोधा, काडी ओढून नव्हे. गॅस सिलिंडरमध्ये भरू नका.

नवं इंधन कुणी दाखवलं, तर आधी विचारा: आत किती किलो गेलं, बाहेर किती आलं?