रोज एक घटिका जास्त

मोबाइल घरीच ठेवा. आपण 1922 च्या गडचिरोलीत चाललो आहोत, तिथं तो कुणाच्या उपयोगाचा नाही. त्याऐवजी तुमच्या कोटाच्या खिशात चांदीच्या साखळीचं घड्याळ आहे. ते बंद आहे. आलापल्लीच्या सागावर वडिलांनी चार पैसे केले, तुम्हाला बॅरिस्टर व्हायला विलायतेला धाडायचं ठरवलं आणि निघताना हे घड्याळ हातात ठेवलं. पण ते लावायचं कशावरून, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

कारण गावात वेळ आहे, घड्याळ नाही. फाल्गुन संपत आलाय. पहाटेच्या गार हवेत मोहाचा गोडसर, डोक्यात चढणारा वास भरलाय. टोपल्या घेऊन बाया झाडाखाली पोचल्यासुद्धा. त्यांना कुणी हाक मारून उठवलेलं नाही. लग्न असलं की भटजी पाण्याच्या घंगाळात तळाला भोक असलेली तांब्याची वाटी सोडतात. ती भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे 24 मिनिटं. अशा 60 घटिका की दिवस-रात्र संपली. एरवी वाटीचीही गरज पडत नाही. दमणीवाला तुम्हाला घाई करतो, तीही आभाळाकडे बघून: ‘‘बसा जी बापू. दिवस कासराभर वर याच्या आत नदी पार करू, मंग वाळू भल्ली तापते.’’

वैनगंगेच्या वाळूत चाकं करकरतात, बैलांच्या नाकातून फुसफुस निघते, पाण्याची धार ओलांडताना तुमची पुस्तकांची पेटी खालून भिजते. व्याहाड मागं पडतं. मूल गाव येईपर्यंत तुमच्या कमरेचे सांधे वेगळे झालेले असतात.

मूलच्या स्टेशनवर तुम्हाला पहिल्यांदा ‘वेळ’ भेटते. भिंतीवरच्या घड्याळावरून तुम्ही खिशातलं लावून घेता आणि त्याची टिकटिक ऐकत राहता. हा स्टँडर्ड टाइम, म्हणजे अलाहाबादच्या बाजूच्या रेखांशावरचा. मूलचा सूर्य त्याच्यामागं दहा-अकरा मिनिटं रेंगाळतो, पण छोट्या गाडीला सूर्याशी देणंघेणं नाही. ती शिट्टी मारते आणि निघते. खिडकीतून कोळशाची कुसळं डोळ्यांत जातात. चांदा फोर्टला उतरायचं, टांग्यानं मोठ्या स्टेशनावर जायचं, तिथून वर्धा आणि रात्रीची मेल. झोप नाहीच. शेजारच्याच्या डब्यातल्या ठेच्याचा वास घाटापर्यंत सोबतीला आहे.

बोरीबंदरला उतरता तेव्हा तुमच्या घड्याळात 10 वाजून 39 मिनिटं झालेली असतात. स्टेशनाच्या घड्याळातही तेवढेच. मग तुम्ही रस्ता ओलांडता आणि बरोबर दहा वाजतात! तुम्ही घड्याळ हलवून बघता. त्याचा काही दोष नाही. मुंबईच्या महापालिकेनं स्टँडर्ड टाइम मानलेलाच नाही. शहर 39 मिनिटं मागं, आपल्या ‘मुंबई टाइम’वर चालतं आणि 1955 पर्यंत तसंच चालणार आहे. त्यामुळं इथं भेट ठरवताना माणसं आधी विचारतात, ‘कुठला टाइम?’ मला हा हट्ट आवडतो. गैरसोयीचा आहे, पण सूर्य मुंबईच्या बाजूनं आहे.

बॅलार्ड पियरला ट्रामचा खडखडाट मागं राहतो आणि रंगाचा, वाफेचा, ओल्या दोरखंडाचा वास अंगावर येतो. हमाल ओरडताहेत, पेट्या डोक्यांवरून चालल्यात, कुणाची तरी आई रडते आहे. तुमची केबिन खाली, इंजिनाच्या जवळ; भिंतीला हात लावला तर गरम लागतं. डेक धुणारा खलाशी रत्नागिरीकडचा निघतो आणि मराठी ऐकून तुम्हाला घर भेटल्यासारखं होतं. रात्री तोच येऊन विचारतो, ‘‘साहेब, घड्याळ मागं घेतलंत काय?’’

तुम्ही घेत नाही. मूलला लावलेले काटे का म्हणून हलवायचे? त्यात बघून कळतं की आता घरी दिवेलागण झाली, आता आई तुळशीपाशी असेल.

पण जहाज दर रात्री आपली घड्याळं मागं घेतं. रोज दुपारी अधिकारी डोळ्याला सेक्स्टंट लावून जहाजाच्या ब्रिजवर उभे राहतात. सूर्य अगदी माथ्यावर आला की जहाजाचे बारा. पश्चिमेकडं पळत असल्यामुळं तो माथा रोज थोडा उशिरा येतो: तासाला 16 सागरी मैलांच्या चालीनं साधारण 26 मिनिटं. म्हणजे भटजींची वाटी रोज एकदा जास्त बुडते! तिकडे धूम्रपानाच्या खोलीत गोरे लोक ‘आज किती मैल कापले’ यावर पैज लावतात, आणि तुमच्या शेजारचा पारशी व्यापारी कानात सांगतो की पश्चिमेला जाताना आकडा जरा वरचा घ्यावा. तिकडं दिवसच मोठा असतो. परत येताना तो 24 तासांपेक्षा छोटा.

तुम्हाला ही जादाची घटिका झोपायला मिळते. खाली भट्टीसमोर फावडं मारणाऱ्या आगवाल्यांना ती राबायला मिळते, पाळ्यांवर वाटून. एकदा जिन्याच्या तोंडाशी वाकून बघा. आतून येणारा झोत चेहऱ्यावर बसला की सूर्याची गंमत वगैरे सुचत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी एडन. काळे, करपलेले डोंगर, एक हिरवं पान नाही. पाण्यात सोमाली पोरं नाण्यासाठी बुड्या मारताहेत. जिन्यापाशी पाटी लागते: जहाज चार वाजता सुटेल. कोळसा भरणं सुरू होतंय, तेव्हा शहाणे लोक होड्यांतून स्टीमर पॉइंटला जातात. एडनचा कारभार मुंबई इलाख्याशी जोडलेला, त्यामुळं तुमचा रुपया चालतो, कावसजी दिनशॉंच्या पेढीवर गुजराती ऐकू येतं, शहामृगाची पिसं विकणारा हिंदुस्तानी आकड्यांत भाव सांगतो. सगळं ओळखीचं वाटून तुम्ही निर्धास्त होता. घोडागाडी करून पाच मैलांवरच्या क्रेटरला जाता. डोंगराच्या घळीत चुन्यानं गुळगुळीत केलेली जुनी टाकी, एकाखाली एक. उन्हानं टाळू भाजते, उंटाच्या लिदीचा वास घशाशी येतो. सहज घड्याळ काढता.

साडेतीन!

मग काय होतं ते विचारू नका. गाडीवानाला दुप्पट पैसे, घोड्याला चाबूक, होडीवाल्याला तो म्हणेल ते. घामानं कॉलर विरघळते. धापा टाकत जिना चढता, तर वर कुणाला घाई नाही. जहाजाच्या घड्याळात दोनसुद्धा वाजलेले नाहीत. तुमचं मूलचं घड्याळ सुमारे अडीच तास पुढं आहे. क्रेटरमध्ये तुमचे साडेतीन झाले, तेव्हा जहाजाचा एक वाजला होता.

हसू नका. आजच्या क्रूझवरही पाटी जहाजाच्याच वेळेची असते आणि मोबाइल किनाऱ्यावरचा टॉवर पकडून आपोआप बदलतो. त्यात माणसं धक्क्यावर राहतात. तुम्ही निदान लवकर आलात. पूर्वेकडं परतताना न बदललेलं घड्याळ मागं पडतं. तेव्हा हीच चूक केलीत तर जहाजाचा नुसता धूर दिसेल.

आता भोगा. कोळशाची पोती येताहेत, वाफेची यंत्रं किंचाळताहेत, धूळ आत येऊ नये म्हणून केबिनच्या खिडक्या बंद. डेकवर बसलात तर पांढरा कोट काळा, खाली बसलात तर जीव गुदमरतो. तुम्ही डेक निवडता आणि दातांत कोळसा कचकचत असताना काटे मागं फिरवायला घेता. रत्नागिरीचा खलाशी बघून जातो, काही बोलत नाही. संध्याकाळी सांगतो, आता तांबडा समुद्र. जहाज पश्चिमेपेक्षा उत्तरेलाच जास्त जाणार, तेव्हा रात्रीला बारा-तेराच मिनिटं मागं. अर्धी घटिका. ‘‘आगवाल्यांना तेवढंच बरं,’’ तो म्हणतो, ‘‘पण खाली गरमी दुप्पट.’’