कात्रीआधीची गोधडी

स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी द्या" असं आपल्या सेक्रेटरींनी सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा गडकिल्ले किंवा पेशवाई अपेक्षित असावी. मी गोधडीचा इतिहास देतो आहे. त्यातही शिवण्याचा नाही, तर कापड कापण्याचा. टाक्यांचं कौतुक सगळे करतात, कापण्याकडे कोणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली, म्हणून बघावं लागलं.

सामान हलवणाऱ्या मुलांनी कपाटाला गुंडाळायला जाडसर काहीतरी मागितलं. मी घाईत आईची गोधडी काढून दिली. जिन्याच्या ग्रिलला ती अडकली आणि कोपऱ्यात वीतभर फाटली. आई तेव्हा पंच्याहत्तरीची होती. काही बोलली नाही. संध्याकाळी ती फाटलेली जागा मांडीवर घेऊन एकेक थर बोटाने उलगडत बसली. मी अपराध्यासारखा शेजारी बसलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आई, एवढं सगळं तू कापायचीस कशाने?"

"कापतंय कोण? फाडायचे," ती म्हणाली.

पुढचे आठ दिवस मी तिच्याकडून जे ऐकलं, ते असं.

लुगडं जुनं झालं की लगेच गोधडीत जात नसे. ते बसण्याच्या जागी विरतं, पण दोन्ही टोकं धड राहतात. म्हणून विरलेला भाग काढून चांगली टोकं एकमेकांना जोडायची. याला दांड घालणं म्हणत. दांड घातलेलं लुगडंही विरलं, की मगच त्याची गोधडी.

नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली, पण आईच्या मापांना त्याचा पत्ता नव्हता. तिची मापं म्हणजे हात, वीत आणि चार बोटं. आणि लुगड्याला तर तेवढंही लागत नसे. लांबीची घडी एकदा घातली, पुन्हा एकदा घातली की सव्वादोन वारांचे चार सारखे भाग. माणूस झोपेल एवढी लांबी आपोआप मिळाली! दोन भाग वर-खाली, दोन आत, आणि त्यांच्यामध्ये धोतराचे, परकराचे, सदऱ्याचे उरलेसुरले तुकडे.

घडीच्या जागी काठाला छेद द्यायचा. काठाची वीण घट्ट, तो हाताने फाटत नाही. घरातली एकुलती कात्री बोथट असायची, धार लावणारा सायकल घेऊन येईल तेव्हा येईल. मग विळीवर नाहीतर सरळ दाताने. एकदा काठ तुटला की दोन्ही हातांनी झटका द्यायचा. चर्रर्र आवाज करत सुती कापड पलीकडच्या काठापर्यंत फाटत जातं, आणि तिथे पुन्हा दात.

मला वाटायचं, फाडणं म्हणजे ओबडधोबड काम. उलट आहे. साध्या विणीचं सुती कापड फाडलं की ते आडव्या किंवा उभ्या धाग्याच्या कडेनेच फाटतं, म्हणून ओळ सरळ येते. कात्री मात्र हात नेईल तिकडे जाते. तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं आणि धुतल्यावर गोधडी वेडीवाकडी होते. फाडलेल्या कडेचे दोरे सुटतात हे खरं, पण ती अर्धं बोट आत दुमडली की झालं.

जिथे फाडायची सोय नाही, तिथे आई सुईच्या टोकाने एकच धागा ओढून काढी. कापडात बारीक रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालवायची. त्रिकोणी ठिगळ हवं तर चौकोनाची कोपऱ्याला कोपरा लावून घडी घालायची, नखाने दाबायची आणि त्या खुणेवर कापायचं. रिकामी कात्री वाजवली की भांडणं होतात म्हणत. मला वाटतं, एकुलत्या कात्रीची धार टिकावी हाही त्यामागचा हेतू असेल.

हीच अडचण दुसरीकडे लोकांनी वेगळ्या रीतीने सोडवली. अमेरिकेतल्या बायका त्यांच्या तुकड्यांच्या गोधड्यांसाठी पुठ्ठ्याचे साचे करत, पेन्सिलीने कापडावर आखत आणि कात्रीने एकेक तुकडा कापत. एका गोधडीला असे शेकडो तुकडे. वारंवार आखून पुठ्ठ्याची कड झिजे आणि माप बिघडे, म्हणून काहीजणी पत्र्याचे साचे वापरत. मग १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने गोल फिरणाऱ्या पात्याची सुरी काढली. मूळ हेतू शिवणकामाचं कापड कापण्याचा, पण ती गोधडीवाल्यांनीच जास्त उचलली. माझ्या सुनेकडे ती आहे. खाली खास चटई, वर पारदर्शक पट्टी, आणि कापडाचे चार-सहा थर एकदम कापले जातात. आईचं दिवसभराचं काम चहा निवायच्या आत होतं. मी बघून थक्क झालो.

पण आपल्याकडची गोधडी हत्याराअभावी मागे पडली नाही. कापडच बदललं. हे मला त्याच आठवड्यात कळलं. फाटलेल्या कोपऱ्याला ठिगळ लावायला आईने सौ.कडे जुनी साडी मागितली. साडी पॉलिएस्टरची निघाली. आईने काठ तोडून झटका दिला, कापड नुसतं ताणलं, फाटेना. पुन्हा ओढलं. मग ती हसली आणि साडी माझ्या हातात दिली. "तूच काप बाबा. माझा हात थरथरतो."

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी लेजरमधला एक पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पण त्या दिवशी माझी कात्री बुळबुळीत कापडावर जी घसरली, ती घसरतच गेली. चौकोन म्हणून जे निघालं त्याला चार बाजू होत्या इतकंच. मी दुसरा कापतो म्हणालो. आई म्हणाली, "राहू दे. तुझ्या हातचा आहे ना?" आणि तिने तोच लावला. तिने घातलेले ते शेवटचे टाके. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

महोत्सवाच्या प्रदर्शनात ही गोधडी क्लब हाऊसमध्ये मांडणार आहे. जवळ येऊन हात लावून बघा. कडेच्या शिवणीत फाडलेल्या कापडाची सरळ ओळ बोटाला लागेल. कोपऱ्यात एक वाकडं हिरवं ठिगळ आहे, ते माझं. तुमच्या घरी माळ्यावर अशी गोधडी असेल तर तीही आणा. आणि ती शिवणारं माणूस घरात असेल, तर आज संध्याकाळीच शेजारी बसून विचारा, हे कापलंत कशाने? मी विचारलं, पण गोधडी फाटल्यावर.